डेकोरेशनच्या टीमला लागणारं इंग्रजी: हॉल बघण्यापासून सामान गाडीत भरेपर्यंत

डेकोरेशनच्या धंद्यातलं निम्मं इंग्रजी आपल्याला आधीच येतं. स्टेज, बॅकड्रॉप, ट्रस, फोकस, कार्पेट, फ्लेक्स, एलईडी, जनरेटर. संभाजीनगरच्या बीड बायपास रोडवरच्या लॉन्सवर खुर्च्या लावणाऱ्या पोराच्या तोंडीही हे शब्द सहज असतात. घोडं अडतं ते ‘जराक वर घे’, ‘सोडू नको अजून’, ‘मधे झोळ आलाय’, ‘सहापर्यंत होऊन जाईल’ हे इंग्रजीत सांगायची वेळ येते तेव्हा. इंग्रजीचे क्लास मात्र फुलांची आणि फर्निचरची नावंच पाठ करून घेत बसतात.

म्हणून या लेखात वस्तूंची यादी नाही. काम ज्या क्रमानं चालतं त्या क्रमानं, टीममध्ये तोंडातून निघायला हवीत अशी वाक्यं आहेत आणि ती कुठं फसतात तेही आहे.

हे लागतं कुणाला? छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम असतात. तिथं कधी जर्मन, कधी कोरियन इंजिनिअर स्वतः उभे राहून हॉल सजवून घेतात. अजिंठा-वेरूळला आलेल्या परदेशी ग्रुपसाठी हॉटेलं रात्रीच्या पार्ट्या ठेवतात. लातूर-नांदेडची पोरं-पोरी पुण्याच्या ऑफिसात लागतात आणि दिवाळीला आपापली जागा सजवायची स्पर्धा निघते, तेव्हा टीममध्ये एक तमिळ, एक बंगाली, एक मल्याळी असतो. हिंदीवर बऱ्याचदा भागतं. जिथं भागत नाही तिथं ऐनवेळी गडबड होते.

हॉल बघायला जाल तेव्हा

रेकीला गेलं की आपण भिंती बघतो, उंची बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. विचारायचं राहून जातं. हॉटेलच्या माणसाला एवढे प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका:

‘व्हेन कॅन वी गेट इन?’ म्हणजे हॉल आमच्या ताब्यात कधी मिळेल.
‘बाय व्हॉट टाइम डू वी हॅव टू क्लिअर आऊट?’ म्हणजे रिकामा कधी करून द्यायचा.
‘आर नेल्स अलाउड? कॅन वी टेप थिंग्ज टू द वॉल?’ खिळे मारू का, भिंतीला टेप लावू का. बहुतेक हॉटेलं खिळ्याला नाही म्हणतात, टेपलाही कुरकुरतात.
‘विच सॉकेट्स कॅन वी यूज?’ कुठली पॉइंटं वापरायची. समोरचा अमेरिकन असेल तर तो सॉकेटला आउटलेट म्हणेल. गोंधळू नका, वस्तू तीच.
‘व्हेअर कॅन वी अनलोड? इज देअर अ सर्व्हिस लिफ्ट?’ गाडी कुठं लावून सामान उतरवायचं आणि मालाची लिफ्ट आहे का.
‘हू डू आय कॉल इफ द पॉवर गोज?’ लाइट गेली तर फोन कुणाला करायचा. आपल्याकडं हा प्रश्न सगळ्यात आधी.

मग मापं. आपला सगळा धंदा फुटांत चालतो: दहा बाय बाराचा बॅकड्रॉप, आठ फुटी कमान. जर्मन किंवा कोरियन माणसाच्या डोक्यात मीटर असतो. 10 फूट म्हणजे 3 मीटरहून थोडं जास्त, आणि 1 मीटर म्हणजे 3 फूट 3 इंचांहून किंचित जास्त. आकड्यामागं एकक बोलल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, हा नियम टीमला घालून द्या. ‘ट्वेल्व्ह फीट, दॅट्स अबाउट थ्री पॉइंट सिक्स सिक्स मीटर्स.’ आणि एक असेल तर ‘वन फूट’, जास्त असतील तर ‘फीट’. ‘वन फीट’ ऐकून कुणी हसणार नाही, पण माप परत विचारतील.

वेळेचंही तसंच. इंग्रज माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणाला तर त्याच्या लेखी साडेसात. जर्मन भाषेत मात्र ‘अर्धा सात’ म्हणजे साडेसहा, त्यामुळं जर्मन माणूस त्याच सवयीनं इंग्रजी बोलला तर एक तास इकडचा तिकडं. स्वतः कायम ‘सेव्हन थर्टी’ म्हणा आणि त्याच्याकडूनही तेच वदवून घ्या: ‘सो, सेव्हन थर्टी इन द इव्हिनिंग, राइट?’ तारीख आकड्यांत लिहू नका. 5/6 आपल्याला 5 जून, अमेरिकन माणसाला 6 मे. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न मिटतो. मजल्याचं सांगायचं तर अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, म्हणून ‘ग्राउंड फ्लोअर, नेक्स्ट टू द रिसेप्शन’ असं जागेसकट सांगा.

फुलांविषयी एक गोष्ट इथंच विचारून घ्यायला हवी, कारण नंतर फुलवाल्याला ऑर्डर गेलेली असते. कोरियात आणि जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीला वापरतात. आपण मात्र पांढऱ्या शेवंतीचे हार भरभरून लावतो, स्वस्त पडतात, टिकतातही. पाहुणे तिकडचे असतील तर सरळ विचारा: ‘आर व्हाइट फ्लॉवर्स ओके फॉर युअर गेस्ट्स?’ नको म्हणाले तर झेंडू आणि गुलाब आहेतच. कोरियन माणसाचं नाव बोर्डवर लाल रंगात लिहिणंही टाळा, त्यांच्याकडं ते अशुभ मानतात. ‘व्हॉट कलर शुड द नेम्स बी?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

कामं वाटताना

मराठीत विनंती आवाजात असते. ‘धर की जरा’ यात ‘कृपया’ कुठंच नाही, तरी ऐकणाऱ्याला वाईट वाटत नाही. तेच शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं की ‘होल्ड धिस’ उरतं आणि हुकूम वाटतो. बाहेरून आलेल्या सहकाऱ्याला वाटतं, हा माझ्यावर का खेकसतो? उपाय सोपा आहे. वाक्याच्या पुढं ‘कॅन यू’ जोडा. ‘कॅन यू होल्ड धिस एंड?’ ‘कॅन यू कट द रिबन्स?’ थोडं अदबीनं, म्हणजे साहेबाला किंवा गिऱ्हाइकाला सांगायचं असेल तर ‘कुड यू’.

‘वुड यू माइंड होल्डिंग धिस?’ हे वाक्य क्लासमध्ये फार शिकवतात. माझं मत, साइटवर ते वापरूच नका. त्याला होकार द्यायचा तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावं लागतं. शिडीवर उभ्या माणसाला खालून ‘नो’ ऐकू आलं की त्याचा जीव वर-खाली होतो.

स्वतःहून काम अंगावर घ्यायचं असेल तर ‘आय विल डू द बलून्स’ किंवा ‘शॅल आय स्टार्ट ऑन द टेबल्स?’ दुसऱ्याला कल्पना सुचवायची तर आपल्या तोंडी ‘एक काम कर’ असतं, त्याचं ‘डू वन थिंग’ होतं. भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी माणूस मात्र कुठली एक गोष्ट म्हणून वाट बघत राहतो. त्याच्याशी ‘हाउ अबाउट वी पुट द केक टेबल हिअर?’ असं बोला. ‘प्रीपोन’ही आपलाच शब्द, बाहेर अनेकांना ठाऊक नसतो. ‘वी आर स्टार्टिंग अर्लिअर, ॲट फोर’ असं वेळेसकट सांगितलं की शंका राहत नाही.

आणि मान हलवून हो म्हणणं बंद करा. आपली ती आडवी-तिरपी डुलणारी मान बाहेरच्या माणसाला हो वाटते की नाही, हे त्यालाच सांगता येत नाही. तोंडानं ‘यस, आय विल’ म्हणा, आणि काम झालं की ‘डन’ म्हणून ओरडून सांगा.

‘वर घे... बस, बस’

सगळ्यात जास्त बोलणं होतं ते बॅनर आणि पडदा लावताना. दोघं दोन टोकांना शिडीवर, तिसरा समोर उभा राहून सांगणार. या तिसऱ्याचं इंग्रजी नीट असेल तर काम अर्ध्या वेळात होतं.

पहिला प्रश्न: डावं कुणाचं? शिडीवरचा भिंतीकडं तोंड करून आहे की लोकांकडं, त्यावर डावं-उजवं बदलतं. नाटकाच्या भाषेत ‘स्टेज लेफ्ट’ म्हणजे लोकांकडं तोंड करून उभ्या नटाची डावी बाजू. समोर बसलेल्याची डावी ती ‘हाउस लेफ्ट’. काही इव्हेंटवाले हे शब्द वापरतात. आपल्या टीमला एवढ्यात शिरायची गरज नाही. खूण सांगा: ‘टुवर्ड्स द डोअर’, ‘टुवर्ड्स द विंडो’, ‘टुवर्ड्स मी’. दार दोघांसाठी एकाच बाजूला असतं.

दुसरं, किती? ‘अप, अप, अप’ असं ओरडत राहिलं की वरचा नेमका किती घ्यायचं ते ठरवू शकत नाही. ‘टू इंचेस अप’ म्हणा. अगदी थोडं हवं तर ‘अ टच हायर’. जास्त हवं तर ‘अबाउट अ फूट’. आणि जागा सापडली की ‘दॅट्स इट, होल्ड इट देअर’. हे शेवटचं वाक्य ठसक्यात म्हणायचं, आपल्या ‘बस, बस’सारखं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, धरणं आणि सोडणं. ‘होल्ड ऑन’ म्हणजे घट्ट धर असाही अर्थ होतो आणि जरा थांब असाही, म्हणून तो नकोच. धरून ठेवायला सांगायचं असेल तर ‘डोन्ट लेट गो येट’. वजन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना दोघांनी बोलायचं: देणारा विचारतो, ‘गॉट इट?’ घेणारा धरल्यावरच म्हणतो, ‘गॉट इट.’ हे ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. ट्रसचा तुकडा असो, आरसा असो, काचेची फुलदाणी असो, हाच नियम.

एकदा लागलं की तपासणं. पडदा वाकडा आहे हे सांगायला ‘इट्स नॉट स्ट्रेट’ चालतं, पण कुठली बाजू ते सांगितलं तर उपयोग: ‘द विंडो साइड इज लोअर’. मधे झोळ असेल तर ‘इट्स सॅगिंग इन द मिडल’, मग ‘पुल इट टाइट’. जास्त ताणला गेला तर ‘लूसन इट अ बिट’. कापडाला घड्या दिसत असतील तर ‘देअर आर क्रीजेस, कॅन यू स्टीम इट?’ झालर बाहेर लोंबत असेल तर ‘टक इट इन’, म्हणजे आत खोच. चुन्नटी कमी-जास्त पडल्या असतील तर ‘द प्लीट्स आर अनईव्हन’. आणि टेपनं लावलेलं सारखं पडत असेल तर ‘इट कीप्स फॉलिंग ऑफ, वी नीड स्ट्रॉंगर टेप’. या ‘कीप्स’मध्ये ‘पुन्हा पुन्हा’ आलं, वेगळं ‘अगेन अँड अगेन’ जोडायला नको.

एवढी वाक्यं सरावात यायला क्लास लागत नाही. आपल्याकडं भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्यांची आरास असते, तेव्हा सगळं घर हेच काम करत असतं: साड्यांचा पडदा, लाइटच्या माळा, मखर, फराळाची मांडणी. त्या दिवशी भावंडांनी ठरवायचं की वर-खाली, धर-सोड फक्त इंग्रजीत. आज्जी चिडवेल, चिडवू द्या. हात कामात असताना बोललेलं तोंडात बसतं. वही समोर धरून घोकलेलं साइटवर ऐनवेळी सुचत नाही.

शिडी, वायर, फुगे

इथं अदब-बिदब विसरा. ‘कॅन यू प्लीज’ म्हणेपर्यंत माणूस पडलेला असतो. धोक्याचं इंग्रजी तुटकच असावं: ‘स्टॉप!’, ‘वॉच आऊट!’, ‘माइंड द वायर!’, ‘डोन्ट टच इट!’, ‘ऑफ, स्विच इट ऑफ!’ शिडीखाली माणूस हवा असेल तर ‘समवन होल्ड द लॅडर!’

मराठीत लाइट ‘लावतो’, म्हणून पोरं ‘पुट द लाइट’ म्हणतात. ‘स्विच ऑन’ आणि ‘स्विच ऑफ’ म्हणा. प्लग घालायला ‘प्लग इट इन’, काढायला ‘अनप्लग इट’. लाइटवाल्याला विचारायचा प्रश्न: ‘हाउ मच कॅन धिस सॉकेट टेक?’ आपल्याकडं साधा पॉइंट 6 अँपिअरचा आणि मोठा 16 अँपिअरचा. हजार वॅटचा एक हॅलोजन 230 व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त ओढतो, म्हणजे साध्या पॉइंटवर असे दोन लावले तर मर्यादा ओलांडली. एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरं जोडलेलं दिसलं तर ‘लेट्स नॉट चेन द एक्स्टेन्शन बोर्ड्स, इट विल ओव्हरहीट’. चालायच्या वाटेवर वायर असेल तर ‘समवन विल ट्रिप ओव्हर धिस, लेट्स टेप इट डाउन’.

फुग्यांचा गॅस पाहुण्यांच्या आणि तुमच्याही जिवाचा प्रश्न आहे. हीलियम पेटत नाही, हायड्रोजन भडकतो. हायड्रोजन स्वस्त पडतो म्हणून फुग्यांत तोच भरणारे आहेत. सिलिंडर आल्या आल्या विचारा: ‘इज धिस हीलियम ऑर हायड्रोजन?’ हायड्रोजन निघाला तर परत पाठवा, गिऱ्हाईक काहीही म्हणो: ‘वी डोन्ट यूज हायड्रोजन, इट कॅन कॅच फायर.’ आवाज बारीक करायला हीलियम ओढणाऱ्या हौशी मंडळींना ‘डोन्ट ब्रीद इट इन, इट्स डेंजरस’. चकचकीत फॉइलचे फुगे वीजवाहक असतात, ते उघड्या तारांपासून लांब ठेवा.

फुगवण्याला ‘ब्लो अप’ म्हणतात. स्फोटालाही तेच म्हणतात, पण ‘हाउ मेनी बलून्स शॅल वी ब्लो अप?’ यानं कुणी पळत सुटणार नाही. उन्हाळ्यात मात्र पार्टी लॉनवर असेल तर आधीच सांगा. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, रबरी फुगे उन्हात फटाफट फुटतात आणि न फुटलेले मळकट दिसू लागतात. ‘द बलून्स वोन्ट लास्ट इन धिस हीट. लेट्स पुट देम अप आफ्टर फाइव्ह.’ फुलांसाठी ‘कीप द फ्लॉवर्स इन द शेड, अँड स्प्रिंकल सम वॉटर’.

सामान कमी पडलं, वेळ कमी पडला

टेप संपली तर ‘वी हॅव रन आऊट ऑफ टेप’. अजून संपली नाही पण पुरणार नाही असं दिसतंय तेव्हाच ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ टेप’ म्हणा, म्हणजे कुणीतरी गुलमंडीच्या बाजारात जाऊन येईपर्यंत वेळ असतो. आकड्यात सांगायचं असेल तर ‘वी आर टू टेबलक्लॉथ्स शॉर्ट’. कात्री एक असली तरी ‘सिझर्स’च.

आता ‘पर्यंत’. ‘मी सहापर्यंत इथं आहे’ आणि ‘स्टेज सहापर्यंत तयार होईल’, दोन्हीकडं आपला एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. ‘आय ॲम हिअर टिल सिक्स.’ ‘द स्टेज विल बी रेडी बाय सिक्स.’ ‘वी विल वर्क टिल सिक्स’ ऐकून गिऱ्हाइकाला एवढंच कळतं की सहाला हे लोक निघून जातील. काम पुरं होईल की नाही, ते कळतच नाही. या दोन शब्दांवरून वाद झालेले आहेत, तेव्हा हे एक तेवढं घोकून ठेवा.

उशीर होणार असेल तर लपवू नका. ‘हो जाएगा’ची आपल्याला फार सवय. बाहेरची माणसं उशीर चालवून घेतात, शेवटच्या क्षणी कळलेला उशीर चालवून घेत नाहीत. नमुना असा: ‘द फ्लॉवर्स आर लेट. दे विल बी हिअर बाय फोर. वी विल फिनिश द लाइट्स फर्स्ट.’ काय झालं, कधी होणार, तोवर काय करतोय, तीन छोटी वाक्यं. कारणांची पोथी वाचू नका.

गिऱ्हाईक नाक मुरडतं तेव्हा

आपल्याकडं नापसंती तोंडावर येते: ‘काय हे, तमाशा केलाय नुसता.’ इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या, ती आडून येते. ‘इट्स अ बिट मच’ म्हणजे भडक झालंय. ‘इट्स इंटरेस्टिंग’ म्हणजे बहुतेक आवडलं नाही. ‘कॅन वी टोन इट डाउन?’ म्हणजे काढा यातलं थोडं. हसत हसत बोलले म्हणून खूश होऊ नका.

वाद घालण्यापेक्षा दोन पर्याय समोर ठेवा. ‘वुड यू प्रिफर द गोल्ड ऑर द व्हाइट?’ एका टेबलावर एक, दुसऱ्यावर दुसरं लावून दाखवा. तोंडी वर्णनात इंग्रजी कमी पडतं, नमुन्याला भाषा लागत नाही. बदल शक्य नसेल तर ‘सॉरी’नं सुरुवात करून थांबू नका: ‘वी कान्ट चेंज द बॅकड्रॉप नाऊ, बट वी कॅन ॲड ग्रीन लीव्ह्ज ॲट द साइड्स.’ बदल पैशाचा असेल तर तेही तेव्हाच, नंतर नको: ‘दॅट विल कॉस्ट एक्स्ट्रा. शॅल आय गो अहेड?’ आणि होकार आला की मोबाइलवर एक ओळ लिहून पाठवा.

उतरवताना

लावताना सगळे असतात, काढताना निम्मे जेवायला. म्हणून कुणाचं काय ते आधी सांगा: ‘यू टेक डाउन द लाइट्स, आय विल फोल्ड द क्लॉथ.’ भाड्याचं सामान वेगळं: ‘धिस इज रेंटेड, प्लीज बी केअरफुल.’ माळा गुंडाळताना ‘डोन्ट पुल, अनटाय इट फर्स्ट’, नाहीतर पुढच्या ऑर्डरला निम्मे दिवे बंद. ‘एनी टेप लेफ्ट?’ असं कुणी विचारलं तर डावीकडं बघू नका, उरली आहे का म्हणून विचारतोय.

भिंतीचा टेप हळू काढा, रंग आला तर डिपॉझिट गेलं. डिपॉझिटवरून घासाघीस होते ती बहुतेक आधीपासून असलेल्या ओरखड्यांवरून. सकाळी हॉल ताब्यात घेतानाच भिंती, फरशी आणि स्टेजचे फोटो काढून हॉटेलच्या माणसाला पाठवलेले असतील तर रात्री एवढंच म्हणायचं: ‘धिस मार्क वॉज ऑलरेडी देअर. प्लीज चेक द फोटो आय सेंट धिस मॉर्निंग.’ मग त्याला सोबत घेऊन हॉलमधून एक फेरी मारा, ‘इज एव्हरीथिंग ओके?’ विचारा, आणि ‘प्लीज साइन हिअर’ म्हणून कागद पुढं करा. सही झाल्यावरच गाडी सुरू करा.